घर, घराणे आणि ‘आम्ही’ : पो आणि फॉकनर यांच्या दोन कथांतील गॉथिक

‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही एडगर ॲलन पोची कथा मराठीत आणू पाहणारा शीर्षकातच अडतो. ‘हाउस’ म्हणजे घर की घराणे? मराठीत हे दोन शब्द एका मुळाचे असले तरी त्यांचे संसार वेगळे आहेत. एकाची निवड केली की दुसऱ्याचा त्याग करावा लागतो. पोला तर दोन्ही अर्थ एकाच वेळी हवे आहेत. कथेच्या आरंभीच तो नोंदवतो की अशर कुळाला कधी टिकाऊ अशी दुसरी शाखा फुटलीच नाही, वास्तू आणि नाव ही बापाकडून मुलाकडे सरळ रेषेत उतरत गेली, आणि म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात वंश आणि वाडा यांना एकच नाव पडले. विल्यम फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या कथेची अडचण निराळी आहे. तिचे शीर्षक सोपे. अडचण येते ती पहिल्याच वाक्यात, एका सर्वनामाने. एमिली ग्रिअरसन वारली तेव्हा सारे गाव अंत्यविधीला गेले, असे निवेदक सांगतो. हे गाव ‘आमचे’ की ‘आपले’? इंग्रजीतील ‘वी’ आणि ‘अवर’ या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. मराठीला ते द्यावेच लागते, कारण ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ ही दोन सर्वनामे आपल्याकडे स्वतंत्र आहेत.

भाषांतरातील या दोन अडचणी आम्हांला केवळ तांत्रिक वाटत नाहीत. इंग्रजी गॉथिक परंपरा अमेरिकेत रुजली तेव्हा भयाचे ठिकाण कसे बदलत गेले, याचा मागोवा या दोन शब्दांच्या आधारे घेता येतो.

या दोन कथा शेजारी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. क्लिअँथ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४३ साली ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ हे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. अमेरिकेतील महाविद्यालयांत कथा कशी वाचावी हे पुढील काही दशके ज्या पुस्तकांनी ठरवले, त्यांत त्याची गणना होते. त्यात या दोन्ही कथा आहेत, आणि त्यांची तुलनाही आहे. जीर्ण वास्तू, जगापासून तुटलेला आणि विकृतीकडे झुकलेला माणूस, भयाचा परमोच्च क्षण हे साम्य संपादकांनी दाखवले आणि न्यायनिवाडा फॉकनरच्या बाजूने दिला. पोच्या कथेतील भय भयासाठीच आहे, रॉडरिक अशरची हार ही खऱ्या संघर्षातील हार वाटत नाही. फॉकनरच्या कथेतील भयाला मात्र समाजाचे आणि मूल्यांचे अधिष्ठान आहे, असा त्यांचा साधारण आशय. हा निवाडा इतक्या वर्गांतून शिकवला गेला की तो निवाडा आहे हेच विसरले गेले. त्याचा उत्तरार्ध आम्हांला मान्य आहे, पूर्वार्ध नाही.

गॉथिक या संज्ञेविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठी समीक्षेने हा शब्द आहे तसाच उचलला हे बरे झाले, कारण ‘भयकथा’ किंवा ‘गूढकथा’ यांनी त्याचे काम भागत नाही. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ १७६४च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीत वॉलपोलने आपले नाव लपवले होते आणि हे एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याची बतावणी केली होती. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने नाव प्रकट केले आणि ‘गॉथिक कथा’ हे उपशीर्षक जोडले. त्या कादंबरीचे इंजिन भूत हे नव्हे, वारसाहक्क हे आहे: किल्ला कोणाचा, तो कसा बळकावला गेला आणि पूर्वजांच्या पापाची फेड कोणत्या पिढीने करायची. ॲन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये (१७९४) भुताटकीचे बुद्धिगम्य खुलासे दिले, तरी किल्ला, मालमत्ता आणि तीत अडकलेली स्त्री ही चौकट सोडली नाही. तेव्हा गॉथिक म्हणजे मूलतः ताबा सोडायला तयार नसलेल्या भूतकाळाची कथा. तिच्यात भूत असलेच पाहिजे असे नाही. आपल्या दोन्ही कथांत ते नाहीच. वर्गात ‘भुताचा वाडा’ मनात धरून बसणाऱ्या विद्यार्थ्याची यामुळे प्रथम थोडी निराशा होते.

अमेरिकन लेखकापुढे प्रश्न असा होता की ज्या देशात किल्ले नाहीत, सरदार नाहीत, मठ नाहीत, तिथे ही चौकट उभी कशावर करायची? चार्ल्स ब्रॉकडन ब्राउनने ‘एडगर हंटली’च्या (१७९९) प्रस्तावनेत सांगून टाकले की युरोपीय किल्ल्यांची गरज नाही, मूलनिवासींशी चाललेले सशस्त्र झगडे आणि पश्चिमेकडील रानातील संकटे पुरेशी आहेत. याच्या उलट नॅथॅनिअल हॉथॉर्नने १८६०च्या ‘द मार्बल फॉन’च्या प्रस्तावनेत तक्रार केली की जिथे सावली नाही, प्राचीनता नाही, गूढता नाही आणि अंधारा असा अन्यायही नाही, त्या देशाविषयी अद्भुतकथा लिहिणे कठीण. सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीत असताना आणि यादवी युद्ध वर्षभरावर आले असताना एका थोर लेखकाला आपल्या देशात अंधारा अन्याय दिसू नये, हे वाचून आजचा वाचक थबकतो. गॉथिकच्या अमेरिकन इतिहासातील सर्वांत भयप्रद परिच्छेद कदाचित या प्रस्तावनेतच असावा.

पोने दोन्ही मार्ग टाळले. ‘अशर’ फिलाडेल्फियाच्या ‘बर्टन्स जंटलमन्स मॅगझिन’च्या सप्टेंबर १८३९च्या अंकात आली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत निघालेल्या ‘टेल्स ऑफ द ग्रोटेस्क अँड अरबेस्क’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत, आपल्या कथा जर्मन वळणाच्या आहेत या आक्षेपाला उत्तर देताना त्याने म्हटले की आपल्या भयाचे मूळ जर्मनीत नाही, ते मानवी आत्म्यात आहे. ही केवळ वकिली नव्हती. ‘अशर’ कुठल्या देशात घडते, कोणत्या शतकात घडते, हे कथा सांगत नाही. निवेदक शरद ऋतूतील एका उदास दिवशी घोड्यावरून येतो, काळ्या, निश्चल डोहाच्या काठाशी थांबतो आणि पाण्यातील घराच्या प्रतिबिंबाकडे पाहतो. तिथे घर त्याला उलटे दिसते. छतापासून निघून भिंतीवरून वाकडीतिकडी उतरत डोहात नाहीशी होणारी एक पुसट भेग त्याच्या नजरेस पडते. गॉथिक परंपरेतील किल्ल्याला बाहेरचा शत्रू असतो. या घराला तो नाही. ते आपल्याच रेषेवर दुभंगणार आहे.

घर आणि घराणे यांची सांगड पोने अक्षरशः घेतली आहे. भिंतींच्या दगडांना, त्यांवर वाढलेल्या बुरशीला आणि भोवतालच्या कुजलेल्या झाडांना जाणीव आहे, अशी रॉडरिकची धारणा. त्याचे मन म्हणजे त्या वास्तूचाच एक कक्ष. कथेत तो जे गीत गातो, ‘द हाँटेड पॅलेस’, ते पोने त्याच वर्षी आधी स्वतंत्र कविता म्हणून छापले होते. त्यात राजवाडा हे उघडच मस्तकाचे रूपक आहे. इथवर ब्रूक्स आणि वॉरन यांचे म्हणणे खोडता येत नाही. सारे काही आत, एका मनाच्या चार भिंतींत चालले आहे असे वाटते.

परंतु मॅडलिनच्या दफनाचे प्रकरण सावकाश वाचावे. रॉडरिकची ही जुळी बहीण जडतेच्या झटक्यांनी आजारी आहे. ती वारल्याचे तो एके संध्याकाळी सांगतो आणि प्रेत पंधरा दिवस घराच्या पोटातील तळघरात ठेवण्याचे ठरवतो. कारणे व्यावहारिक आहेत: तिच्या चमत्कारिक दुखण्याविषयी वैद्यांची अतिउत्सुक चौकशी, आणि कुळाच्या दफनभूमीचे लांब, उघड्यावर असणे. १८३९च्या वाचकाला यातील सूचना फोडून सांगावी लागत नव्हती. शरीरशास्त्राच्या वर्गांसाठी प्रेते उकरून नेली जात होती. मॅसॅच्युसेट्सने १८३१ साली आणि ब्रिटनने १८३२ साली त्यासाठी कायदे केले ते उगाच नव्हे. जिवंतपणी पुरले जाण्याची धास्तीही त्या काळात व्यापक होती. म्हणजे पोचे भय निव्वळ आत्म्यातून आलेले नाही. वर्तमानपत्रातूनही आलेले आहे. आणि ते तळघर? सरंजामी काळात ती अंधारकोठडी होती, नंतर दारूगोळ्याचे कोठार, म्हणून तिला तांब्याचा पत्रा मढवलेला आहे. एका वाक्यात पो अशर घराण्याच्या सत्तेचा इतिहास सांगतो आणि लगेच पुढे जातो. त्या कोठडीत पूर्वी कोण होते, हा प्रश्न कथा विचारत नाही. पो व्हर्जिनियातील रिचमंड शहरात, तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढला होता. हा प्रश्न त्याला सुचण्यासारखा नव्हता असे म्हणवत नाही.

दफनाच्या वेळी निवेदक स्वतः शवपेटी उचलू लागतो. मृत चेहऱ्यावरील फिकट लाली आणि ओठांवर रेंगाळणारे हसू तो पाहतो, अशा आजारात असे होतेच म्हणून स्वतःची समजूत घालतो, आणि दोघे मिळून झाकणाचे स्क्रू आवळतात. आठवडाभराने, वादळी रात्री, रॉडरिक कबूल करतो की पेटीतील हालचाल त्याला कित्येक दिवस ऐकू येत होती, बोलण्याचे धाडस झाले नाही. तिला जिवंतपणीच पुरले गेले आहे. त्या कबुलीच्या वाक्याचा कर्ता ‘वी’ आहे. मराठीत येथे ‘आम्ही’ चालणारच नाही. समोर बसलेल्या मित्राला उद्देशून, त्याच्यासह केलेल्या कृत्याविषयीचे ते वाक्य आहे. ‘आपण’ एवढेच रूप शक्य आहे. रॉडरिक मित्राला अपराधात भागीदार करतो. पुढच्या काही ओळींत रक्ताळलेल्या वस्त्रांतील मॅडलिन दारात उभी राहते, भावावर कोसळते, दोघे मरतात, आणि निवेदक पळत सुटतो. मागे वळून पाहतो तो भेग रुंदावलेली, तिच्यातून लालभडक चंद्र, आणि डोह घराच्या अवशेषांवर मिटत चाललेला. ‘आपण’ म्हणून ज्याला गोवले तो ‘मी’ होऊन निसटतो आणि गोष्ट सांगायला उरतो. साक्षीदारासह सारा पुरावा पाण्याखाली जातो.

ब्रूक्स आणि वॉरन यांनी रॉडरिकचे वजन केले आणि ते हलके भरले. निवेदकाचे वजन केले असते तर निवाडा बदलला असता, असे आम्हांस वाटते. हातात स्क्रू घेऊन ज्याने लाली पाहिली, त्याची ही कथा आहे.

फॉकनरची कथा ‘फोरम’ मासिकाच्या एप्रिल १९३०च्या अंकात प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय खपाच्या मासिकात छापली गेलेली त्याची ही पहिली कथा. त्याच वर्षी त्याने मिसिसिपीतील ऑक्सफर्ड गावी १८४०च्या दशकातील एक मोडकळीस आलेले घर विकत घेतले आणि दुरुस्त करायला घेतले, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ. एमिलीचे घरही प्रथम बाहेरूनच दिसते, पण येथे कुठला डोह नाही. एके काळच्या सर्वांत प्रतिष्ठित रस्त्यावरील, १८७०च्या दशकातील अलंकृत धाटणीचे, कधी काळी पांढरे असलेले ते चौकोनी लाकडी घर कापसाच्या गाड्या आणि पेट्रोलचे पंप यांच्या मधोमध हटून बसले आहे. शेजारची मोठी नावे गराजांनी आणि जिनिंगच्या गिरण्यांनी पुसून टाकली आहेत. पोने स्थळ आणि काळ पुसले, फॉकनर ते पत्त्यासह देतो. आणि तो पत्ता एमिलीला मान्य नाही. गावात टपालाचा घरपोच बटवडा सुरू होतो तेव्हा दारावर क्रमांक आणि टपालपेटी लावू देण्यास ती नकार देते.

या कथेतील सर्वांत गॉथिक वस्तू कोणती? उशीवरील केस, असे उत्तर विद्यार्थी देतात आणि खुद्द फॉकनरनेही व्हर्जिनिया विद्यापीठात, जिथे १८२६ साली पो काही महिने शिकला होता, प्रश्नोत्तरांच्या वेळी सांगितले की ओसाड घरातील उशीवरचा केस या एका चित्रातून ही भूतकथा निघाली. आम्ही मात्र करमाफीकडे बोट दाखवू. १८९४ साली गावाचा महापौर कर्नल सार्टोरिस एमिलीचा कर माफ करतो. तिच्या वडिलांनी गावाला कर्ज दिले होते अशी थाप तो त्यासाठी रचतो, कारण भीक म्हणून तिने ती सवलत घेतली नसती. हाच सार्टोरिस, निवेदक जाता जाता सांगतो, एप्रन घातल्याशिवाय कोणाही काळ्या स्त्रीने रस्त्यावर दिसू नये या फर्मानाचा जनक. एकाच वाक्यात दोन स्त्रिया: एकीला तिच्या जन्मामुळे कर नाही, दुसरीला तिच्या जन्मामुळे चाकरीच्या खुणेशिवाय रस्ता नाही. मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना करून काळ्या नागरिकांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला होता; कथेतील साल त्यानंतरचे चौथे. मृतांचा ताबा हा गॉथिकचा जुना विषय येथे पालिकेच्या दप्तरात नोंदलेला आहे. पुढील पिढीचे पालिका सदस्य कर मागायला येतात तेव्हा एमिली त्यांना कर्नल सार्टोरिसना भेटायला सांगते. सार्टोरिसला वारून तोवर दहा वर्षे होत आलेली असतात.

घर आणि घराणे यांचे समीकरणही येथे उसवले आहे. चाबूक हातात घेऊन दाराशी उभा बाप आणि त्याच्यामागे पांढऱ्या वस्त्रातील सडपातळ एमिली, असे चित्र गावाने मनात रंगवून ठेवलेले. एकही स्थळ त्याच्या पसंतीस उतरले नाही. तो मेला तेव्हा तीन दिवस ती म्हणत राहिली की बाबा गेलेले नाहीत. मग पदपथांचा ठेका घेतलेल्या कंपनीचा उत्तरेकडील मुकादम होमर बॅरन गावात येतो, रविवारी दोघे बग्गीतून फिरताना दिसतात, ती सोमल विकत घेते, पुरुषाच्या शृंगाराच्या चांदीच्या वस्तूंवर त्याची आद्याक्षरे कोरून घेते, आणि तो दिसेनासा होतो. हा सारा भाग कथेत मागेपुढे विखुरलेला आहे. ती कालानुक्रमे लावण्याच्या खटाटोपात समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली. आम्हांला तो खटाटोप फारसा फलदायी वाटत नाही. क्रम विस्कटलेला आहे तो सांगणाऱ्यामुळे, आणि पाहायचे आहे ते त्याच्याकडेच.

हा सांगणारा म्हणजे गाव. दुर्गंधीची तक्रार होते तेव्हा ऐंशी वर्षांचे जज्ज स्टीव्हन्स विचारतात की एका सभ्य स्त्रीला तोंडावर असे कसे सांगायचे, आणि मध्यरात्रीनंतर चार पुरुष चोरपावलांनी जाऊन तळघराच्या दाराशी चुना पसरून येतात. औषधविक्रेत्याला कायद्याने कारण विचारावे लागते. ती नुसती पाहत राहते, आणि तो उंदरांसाठी अशी चिठ्ठी लावून पुडी पाठवून देतो. तिने आत्महत्या करावी हेच बरे, असे गाव ठरवून टाकते. गावाला माहीत होते की वरच्या मजल्यावर एक खोली आहे, जी चाळीस वर्षांत कोणी पाहिलेली नाही. प्रेत खोलीत एमिलीने ठेवले, पण खोली बंद ठेवली ती साऱ्या गावाने. पोच्या निवेदकाने एकदा स्क्रू आवळला. हे लोक चाळीस वर्षे ते काम शिष्टाचार म्हणून करत राहिले.

आता ते सर्वनाम. कथेच्या शेवटच्या पानावर फॉकनर एक बारीक करामत करतो. खोलीविषयी ठाऊक होते ते ‘वी’ला. दार फोडतात ते ‘दे’, म्हणजे ते लोक. आत गेल्यावर प्रेताच्या मांसहीन हास्याकडे बराच वेळ पाहत उभे राहतात ते पुन्हा ‘वी’. दार फोडण्याचे अशिष्ट काम दुसऱ्यांवर ढकलून पाहण्याचा हक्क राखून ठेवला आहे. मराठीत हा निवेदक ‘आपण’ म्हणाला असता तर वाचक त्या गर्दीत ओढला गेला असता, आणि असे रूपांतर करण्याचा मोह होतो. आमच्या मते ‘आम्ही’च हवे. हे ‘आम्ही’ सर्वांना सामावून घेणारे नाहीच. ते कोणाला वगळते हे ऐकू आले पाहिजे. वाचकाला ते वगळते हे गौण. ते वगळते टोबला, एमिलीच्या काळ्या नोकराला. त्याचे नाव ती करवसुलीच्या प्रसंगी हाक मारते म्हणून आपल्याला कळते. एरवी गाव त्याला त्याच्या वर्णानेच संबोधते. बाजाराची टोपली घेऊन त्याचे जाणेयेणे हीच त्या घरातील जिवंतपणाची खूण. न वापरल्याने त्याचा आवाज गंजल्यासारखा झाला आहे, असे गाव म्हणते, आणि त्याच्याकडून काही काढून घेण्याचा नाद आपण कधीच सोडला, असेही.

अशरच्या घरातही नोकर आहे. चवड्यांवर चालत तो निवेदकाला आत नेतो आणि कथेतून विरतो. घर डोहात गेले तेव्हा तो आत होता की नाही याची पो दखल घेत नाही. फॉकनरने मात्र निदान दखल घेतली. कथेच्या हस्तलिखितात मरणासन्न एमिली आणि टोब यांचा एक संवाद होता. छापण्यापूर्वी तो काढून टाकला गेला. कलेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, कारण त्या संवादाने खोलीचे रहस्य आधीच फुटत होते. पण त्यासरशी टोबचे बोलणेही गेले. छापील कथेत उरले ते एवढेच: अंत्यविधीसाठी आलेल्या बायकांना तो पुढच्या दाराने आत घेतो, घरातून सरळ चालत मागच्या दाराने बाहेर पडतो, आणि पुन्हा कोणाला दिसत नाही. वर काय आहे हे त्या घरात एकट्यालाच ठाऊक असू शकत होते. त्याला कोणी थांबवत नाही, काही विचारत नाही. सारे जिन्याकडे वळलेले असतात.